जुन्या पोलादाची नवी धार



आज आपण विळा, सुरी आणि कोयता यांविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, "यात बोलायचं काय? विळा काय आम्ही पाहिला नाही?" पाहिला आहे, खरे आहे. रोज हातात धरला आहे. पण त्याला धार कुठून येते? एक विळा कित्येक सुग्या चालतो आणि दुसरा आठ दिवसांत बोथट होतो, असे का? हे आपल्यातल्या किती जणांना सांगता येईल?

हे ठाऊक असण्यात आपला फायदा आहे. बोथट विळ्याने गवत कापणाऱ्या बाईला विचारा. तिला दुप्पट जोर लावावा लागतो. जोर लावला की विळा निसटतो आणि बोटावर येतो. नीट धरलेल्या धारदार हत्याराने जखम होण्याचा धोका कमी असतो. बोथट हत्यारानेच हात जास्त कापतो. ऊसतोडीच्या कामात तर नवरा-बायकोच्या जोडीलाच 'कोयता' म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे. ज्या हत्याराचे नाव माणसाला पडले, त्या हत्याराची पारख माणसाला नको का?

म्हणून आज आम्ही तुम्हाला एकच गोष्ट सांगणार आहोत. हत्याराची किंमत त्याच्या चकाकीत नसते. पोलाद कोणते निवडले आणि त्याला पाणी कसे दिले, यात ती असते. ही दोन कामे नीट झाली तर भंगारातल्या तुकड्याचेही उत्तम हत्यार होते.

लोखंड आणि पोलाद

आपण बोलताना सगळ्यालाच लोखंड म्हणतो. पण खिळा, सळई, पत्रा हे मऊ लोखंड. गाडीचा पाटा, कानस, सुताराची करवत हे पोलाद. दोन्हींत फरक कशाने पडतो? कार्बनने. कार्बन म्हणजे कोळशातला मुख्य अंश.

घर बांधायच्या सळईत १०० किलोला साधारण पाव किलो कार्बन असतो. ट्रकच्या पाट्यात १०० किलोला अर्धा किलो किंवा थोडा जास्त. कानशीत एक किलोच्या वर. आणि बिडाच्या तव्यात तीन किलोच्या आसपास.

एवढ्याशा कार्बनने एवढा फरक? हो. आमटीत मीठ किती घालतो? चिमूटभर. पण आमटी अळणी की खारट, हे त्या चिमटीवरच ठरते.

सळईचा विळा केला तर तो कितीही तापवा, कितीही पाण्यात बुडवा, धार धरत नाही. बिडाचा करायला जावे तर घण बसताच तो फुटतो. पाट्याचे पोलाद या दोहोंच्या मध्ये बसते. ते कडक होते, आणि वाकवले तर पुन्हा सरळही होते. ट्रकच्या ओझ्याखाली हजारो वेळा वाकून सरळ होणे, हाच तर पाट्याचा धंदा. म्हणून गावोगावचे लोहार पाट्याला मान देतात.

भंगारातून काय घ्यावे

पाटा: कोयता, विळा, कुऱ्हाडीचे पाते, मोठी सुरी यांना उत्तम. ट्रकचा पाटा जाड असतो, तो ठोकून पातळ करायला मेहनत पडते. जीपचा पाटा त्या मानाने पातळ. लहान कामाला तो सोपा जातो.

जुनी कानस: भाजीच्या सुरीला चांगली. पण कानस फार कडक आणि ठिसूळ असते. आहे तशी घासून सुरी करू नये, ती काचेसारखी मोडते. आधी तापवून मऊ करावी आणि तिचे दात घासून काढावेत. दाताची खाच राहिली तर तिथूनच पाते चिरते.

सुताराची जुनी करवत: पाते आधीच पातळ असते. ठोकावे लागत नाही, कापून घासले तरी पातळ सुरी होते.

बेअरिंगचे कडे: पोलाद फार चांगले, पण घणाखाली लवकर दबत नाही. हात बसल्यावरच त्याच्या वाटेला जावे.

एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. तुटलेल्या पाट्याला केसासारख्या बारीक चिरा असू शकतात. जिथे तो तुटला ती बाजू, आणि बोल्टाच्या भोकाजवळची जागा सोडून द्यावी. उरलेला तुकडा दोरीला टांगून हातोडीने हलके वाजवावा. खणखणीत वाजला तर बहुधा ठीक. बद्द वाजला तर आत चीर असण्याचा संभव आहे.

आणि आणखी एक. रेल्वेचा रूळ, पट्ट्या, खिळे कुणी स्वस्तात विकायला आणले तर घेऊ नका. रेल्वेचा चोरीचा माल बाळगणे हासुद्धा गुन्हा आहे. त्यासाठी १९६६ चा वेगळा कायदा आहे. चार पैसे वाचवायला जावे आणि कोर्टाचे खेटे पदरात पडावेत, हा कुठला शहाणपणा?

पोलाद ओळखायचे कसे

भंगारावर काही लिहिलेले नसते. मग ओळखायचे कसे? दोन साध्या परीक्षा आहेत.

पहिली, ठिणगीची. तुकडा धार लावायच्या दगडी चाकाला लावावा. मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ जातात. पोलादाच्या ठिणग्यांना टोकाशी फांद्या फुटतात, फुलबाजीसारख्या. जितका कार्बन जास्त तितक्या फांद्या दाट. शेजारी एक खिळा आणि एक जुनी कानस ठेवावी. आधी या दोहोंच्या ठिणग्या बघाव्यात, मग आपल्या तुकड्याच्या.

दुसरी, पाण्याची. तुकड्याचे बोटभर टोक लालभडक तापवून पाण्यात बुडवावे. थंड झाल्यावर त्यावर कानस फिरवावी. कानस काचेवरून घसरल्यासारखी घसरली तर ते पोलाद. कानशीने सहज कापले तर ते मऊ लोखंड. त्याच्या कड्या, कोयंडे करावेत. विळा करू नये.

काय तापवू नये

कळीच्या पत्र्यावर, नळावर जस्ताचा मुलामा असतो. तो भट्टीत तापला की पांढरा धूर निघतो. तो धूर छातीत गेला की थंडी वाजून ताप भरतो. जास्त गेला तर जिवावर बेतते. चकचकीत मुलामा दिलेले सामानही भट्टीत घालू नये. दोन्ही टोके बंद असलेली नळी किंवा गाडीचा शॉकअप कधीही तापवू नये. आतली हवा आणि तेल फुगून स्फोट होतो.

भट्टीवर काम करताना सुती कपडे घालावेत. नायलॉन वितळून अंगाला चिकटते. डोळ्यांवर चष्मा हवाच. हातोडीवर हातोडी कधी मारू नये. कडक पोलादावर कडक पोलाद आदळले की कपचा उडतो, आणि उडालेला कपचा डोळा शोधतो. चष्मा थोड्या पैशांत मिळतो. डोळा कुठल्याच बाजारात मिळत नाही.

भाजले तर हळद, शाई, टूथपेस्ट काही लावू नका. भाजलेला भाग वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरा, स्वच्छ कापडाने झाका आणि दवाखाना गाठा. गंजक्या लोखंडाने कापले तर जखम साबण-पाण्याने धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनाबद्दल डॉक्टरांना विचारा.

ऐरणीवर

आता घडाई. पोलाद नारिंगी-पिवळे होईपर्यंत तापवावे आणि ठोकावे. रंग उतरून काळपट लाल झाला की हात थांबवावा, तुकडा परत भट्टीत सारावा. थंड पोलादावर घाव घातला तर आत चिरा पडतात. उलट, फार तापून त्यातून पांढऱ्या ठिणग्या उडू लागल्या, तर पोलाद जळले असे समजावे. जळलेला भाग तोडून टाकावा, तो पुन्हा सुधारत नाही. 'तापले तोवर ठोका' असे म्हणतात ते खरे आहे. पण तापायचे किती आणि थांबायचे केव्हा, हे कळणे म्हणजेच लोहारकी.

हे काम एकट्याचे नव्हे. घिसाडी लोक गावाबाहेर पाल ठोकतात तेव्हा बघा. पुरुष सांडशीने तुकडा धरतो, फिरवतो. समोर बाई उभी राहून घण मारते. घाव नेमका पडला नाही तर नवऱ्याचा हात जाईल. कधी पडत नाही असा. बायकांना जड काम जमत नाही म्हणणाऱ्याने तिथे घटकाभर उभे राहावे.

पात्याचा आकार आला की ते तीन वेळा लाल तापवून हवेत आपोआप थंड होऊ द्यावे. ठोकताना आत जो ताण बसतो तो याने निघतो. मग कानशीने घासून नीटस करावे. पण धार आत्ताच फार पातळ करू नये. नाण्याच्या कडेइतकी जाडी ठेवावी. फार पातळ कड पाणी देताना वाकडी होते, नाहीतर चिरते.

पाणी देणे

"या विळ्याला पाणी चांगलं आहे," असे आपण म्हणतो. हे पाणी म्हणजे विहिरीचे पाणी नव्हे. तापलेले पोलाद एकदम थंड करून कडक करणे, याला पाणी देणे म्हणतात. सगळ्यात नाजूक काम हेच. दिवसभराची मेहनत इथे एका श्वासात फळते किंवा वाया जाते.

किती तापवावे? जुने लोहार सावलीत बसून रंग बघतात. उन्हात रंग फसवतो. नवशिक्याला एक सोपी युक्ती आहे. जुन्या रेडिओच्या भोंग्यातले लोहचुंबक तारेला बांधून भट्टीजवळ टांगावे. पाते तापत असताना मधूनमधून त्याला लावून पाहावे. पोलाद साधारण ७७० अंश तापले की चुंबक त्याला ओढत नाही. ओढणे थांबले की अजून थोडेसे तापवावे आणि लगेच बुडवावे.

कशात बुडवावे? पाट्याच्या पोलादाला तेल बरे. पाणी फार झटकन थंड करते, त्याने पाते चिरण्याचा धोका असतो. शेंगतेल किंवा करडईचे तेल चालते. ते हाताला सोसेल इतके कोमट असावे. गाडीचे जळके तेल वापरू नये, त्याचा धूर विषारी असतो. तेल लोखंडी डब्यात ठेवावे, प्लॅस्टिकच्या नव्हे. तेल पेट घेऊ शकते, म्हणून झाकण हाताशी ठेवावे. पेटलेल्या तेलावर पाणी कधीही ओतू नये. झाकण घालावे, आग विझते. पाते सरळ बुडवावे, आडवे हलवू नये. आडवे हलवले तर ते वाकते.

आता पाते कडक झाले. पण काम संपले का? नाही. आता ते काचेसारखे ठिसूळ आहे. दगडावर पडले तर दोन तुकडे होतील. म्हणून त्याचा थोडा कडकपणा उतरवावा लागतो. पाते घासून चकचकीत करावे आणि पाठीकडून मंद आचेवर धरावे. पोलादावर रंग चढू लागतात. आधी वाळल्या कडब्यासारखा फिका पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. पिवळा रंग येतो २२० ते २३० अंशांना, निळा ३०० च्या आसपास. भाजीच्या सुरीची धार पिवळ्या रंगावर थांबवावी. कोयता आणि कुऱ्हाड घाव सोसतात, म्हणून त्यांना जांभळ्या रंगापर्यंत जाऊ द्यावे. हवा तो रंग धारेशी आला की पाते पटकन पाण्यात घालावे.

पुष्कळ लोहार ही दोन्ही कामे एकाच तापात करतात. फक्त धारेची बाजू पाण्यात बुडवतात, पाठ तापलेली ठेवतात. लगेच बाहेर काढून विटेच्या तुकड्याने धार घासतात. पाठीतली ऊब धारेकडे सरकते आणि रंग पळत येतो. हवा तो रंग दिसला की पुन्हा बुडवतात. कडक धार आणि चिवट पाठ, दोन्ही साधतात. या कामात कसलेच यंत्र नाही, डोळा हेच यंत्र. हा डोळा तयार व्हायला वर्षे लागतात, आणि आपण मात्र विळ्याच्या भावात घासाघीस करताना फक्त लोखंडाचे वजन धरतो.

मूठ

मूठही जुन्यातलीच करावी. मोडक्या बैलगाडीच्या बाभळीचा किंवा जुन्या खाटेच्या शिसवीचा तुकडा चांगला. लाकूड मुरलेले असते, ते पुढे आकसत नाही. ओल्या लाकडाची मूठ चार महिन्यांत ढिली होते, आणि ढिली मूठ ही बोथट धारेइतकीच वाईट. पात्याची शेपटी तापवून मुठीच्या भोकात जाळून बसवतात. पण त्या वेळी पात्याला ओले फडके गुंडाळावे, नाहीतर दिलेले पाणी उतरते. मुठीच्या तोंडाशी जुन्या नळाचे लोखंडी कडे ठोकून बसवावे, म्हणजे लाकूड फुटत नाही.

ही विद्या आपलीच

मंडळी, हे ज्ञान कुणी परक्याने येऊन शिकवलेले नाही. नागपूर जिल्ह्यात नायकुंड नावाचे गाव आहे. तिथल्या उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली. ती अडीच हजार वर्षांहून जुनी आहे. तेलंगणात निजामाबादकडे कोनसमुद्रम् नावाचे गाव आहे. तिथले पोलाद घ्यायला एके काळी इराणचे व्यापारी येत. १७९४ साली मुंबईच्या एका इंग्रज डॉक्टराने आपल्या देशातल्या पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीकडे धाडले. पुढे १८१९ च्या सुमारास मायकेल फॅरडे यांनी या पोलादाची तपासणी केली. पुढे विजेच्या शोधांनी जगभर नाव मिळवलेले ते हेच फॅरडे. आणि हे फॅरडे कोण? एका लोहाराचे पोर!

पूर्वी आपल्या गावगाड्यात लोहार हा बलुतेदार होता. सुगीला त्याच्या वाट्याचे धान्य त्याला मिळे. ती रीत गेली. तिच्यात उच्चनीचपणा होता, तो गेला हे बरेच झाले. पण लोहाराच्या कामाचा रोख मोबदला द्यायची सवय काही आपल्याला लागली नाही. मग त्याची पोरे भट्टी सोडून शहराकडे गेली तर दोष कुणाचा? केंद्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्या १८ व्यवसायांत लोहारकाम आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि कमी व्याजाचे कर्ज अशी तिची रचना ठरली. आजचे नियम काय आहेत, ते ग्रामपंचायतीत किंवा सेवा केंद्रात विचारून घ्यावेत. अर्ज भरता येत नसेल अशा लोहाराचा अर्ज तुम्ही भरून द्या. आता तुम्हाला लिहिता येते.

घेणाऱ्याने काय पाहावे

हत्यार घेताना एवढे करा. धार उजेडाकडे धरून चिरा आहेत का बघा. मूठ हलते का बघा. वाळक्या बाभळीच्या फांदीवर चार घाव घाला आणि धार पुन्हा उजेडात धरा. धार दुमडून चमकत असेल तर पाणी कमी पडले. धारेचा कपचा निघाला असेल तर पाणी जास्त झाले. दोन्ही नसेल तर हत्यार चांगले. मग लोहार सांगेल ते पैसे द्या. स्वस्तातले तीन विळे घेण्यापेक्षा हा एक परवडतो.

धार लावताना निसण्यावर पाणी टाकून सावकाश घासा. विजेच्या चाकावर लावली तर दर घासणीला पाते पाण्यात बुडवा. धारेवर निळा रंग आला की तिथले पाणी उतरले असे समजा. काम झाल्यावर पाते पुसून तेलाचा हात फिरवा आणि पोरांच्या हाती लागणार नाही असे ठेवा.

आणि हत्यार कामासाठीच असावे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शेतीची व घरकामाची हत्यारे वेगळी धरली आहेत, तलवार आणि खंजीर वेगळे. कुणी लोहाराला "खंजीर करून दे" म्हणाला, तर लोहाराने सरळ नाही म्हणावे. कोयता उसावर चालावा, माणसावर नाही.

शेवटी एक काम तुम्हाला सांगतो. तुमच्या गावात एखादा म्हातारा लोहार असेल. त्याचे ज्ञान त्याच्या डोळ्यात आणि हातात आहे. ते कुठल्या पुस्तकात नाही. एक वही घ्या आणि त्याच्या भात्यापाशी बसा. कोणत्या तुकड्याचा कोयता केला, कोणत्या रंगावर पाणी दिले, तो किती दिवस टिकला, हे त्याला विचारून लिहा. तारीख घाला. अक्षर वाकडे आले तरी चालेल. तो म्हातारा गेला की त्याचा डोळा त्याच्याबरोबर जाईल. तुम्ही लिहिलेले मात्र गावात राहील, आणि त्याच्या नातवाला उपयोगी पडेल.